साक्षीचे मोल

मी लहान असताना तालुक्याच्या टॉकीजमध्ये सिनेमा पाहायला जाणे हा आमच्या घरातला एक सोहळाच असे. दुपारपासून आईची लगबग चाले, आणि अंधार पडायच्या आत आम्ही भावंडे बाकावर जागा धरून बसत असू. दिवे मालवत, पडदा उजळे आणि त्यावर पहिल्याने येई तो सरकारी अनुबोधपट! कुठल्याशा धरणाची भिंत, कुठल्याशा कारखान्याचे धुराडे, आणि त्यावर एक खणखणीत, कधीही न चुकणारा आवाज. मुख्य खेळाला अजून अवकाश आहे हे सर्वांना ठाऊक असे. बापेमाणसे विडी ओढायला बाहेर पडत आणि वडील आम्हांला भुईमुगाच्या शेंगा आणायला पिटाळीत. अनुबोधपट म्हणजे शेंगा आणायची वेळ, अशी माझी कितीतरी वर्षे समजूत होती.

ती रिळे मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेची असत. १९४८ साली ती संस्था निघाली, आणि चित्रपटगृहांनी मुख्य खेळाआधी अशी मान्य रिळे दाखवलीच पाहिजेत असा दंडक होता. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिच्या रिळांत चांगले काम पुष्कळ होते. पण शेंगा सोडायच्या नसल्यामुळे मी ते पाहिले नाही, हा दोष माझा.

पुढे मी शाळेत शिकवू लागले, चार कादंबऱ्या लिहिल्या. एका दिवाळीच्या सुटीत भावाकडे पुण्याला गेले असता माझ्या भाच्याने मला एक अमेरिकन अनुबोधपट दाखवला. "आत्या, पाच मिनिटे बघ, कंटाळा आला तर बंद करू," असे म्हणून त्याने तो लावला. मी पावणेदोन तास जागची हलले नाही. समोर फराळाचे ताट होते, त्यातल्या चकलीलाही हात लागला नाही. हा अनुबोधपट कोणाचे कौतुक करीत नव्हता, काही शिकवीतही नव्हता. एखादा हुशार फौजदार करील तसा तो तपास करीत होता. त्या दिवसापासून मला या शोधक अनुबोधपटांचा नादच लागला. त्या नादातून जे हाती आले ते या अंकाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवते.

आरंभ घरापासूनच करू. १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये दोन पहिलवानांची कुस्ती कॅमेऱ्यात टिपली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून यश मिळवून मुंबईस परतले, तो स्वागताचा प्रसंगही त्यांनी टिपला. जे चारचौघांसमोर घडते ते चारशेजणांना दाखवावे, एवढेच तेव्हा कॅमेऱ्याचे काम होते. त्यात धोका नव्हता. कुस्ती पाहणाऱ्याला कोण मारणार?

धोका सुरू झाला तो, जे घडले ते दडवून ठेवावे असे कोणाला तरी वाटू लागले तेव्हा.

लंडनमध्ये १९३५ साली आर्थर एल्टन आणि एडगर ॲन्स्टी या दोघांनी 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' नावाचा एक छोटा अनुबोधपट केला. विषय गरिबांच्या मोडक्या घरांचा. तोवर अशा पटांत गरीब माणूस दिसे, पण बोलत नसे. त्याच्या वतीने निवेदक बोले. या पटात कॅमेरा त्या कोंदट खोल्यांत नेला, अवजड दिवे आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रे नेली, आणि तिथल्या बायाबापड्यांना सांगितले की तुम्हीच बोला. भिंती कशा कलल्या आहेत, घुशी कशा पोरांच्या अंथरुणात येतात, हे त्यांनी आपल्या तोंडाने सांगितले. आज आपल्याला यात नवल वाटणार नाही. रोज संध्याकाळी दूरदर्शन संचावर कोणी ना कोणी बोलतच असते! पण साक्षीदाराने स्वतः पडद्यावर येऊन साक्ष द्यावी, ही कथनाची रीत तेव्हा नवी होती.

या पटाच्या मागे दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे त्याचा पैसा गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांच्या संघाचा होता. जुनी घरे पाडून नवी बांधली की गॅसच्या शेगड्या खपणार, हा हिशेब. सत्य सांगायलाही कोणाची तरी थैली लागते, आणि थैलीवाल्याचे काहीतरी काम त्यात असते. शोधक अनुबोधपटाच्या वाटेतला हा पहिला खड्डा. तो अजून बुजलेला नाही. दुसरी गोष्ट रूबी ग्रिअरसन या बाईची. घरोघर जाऊन त्या बायकांना बोलते करण्यात तिचा मोठा वाटा होता. पाच वर्षांनी, १९४० च्या सप्टेंबरात, बाँबहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी इंग्लंडमधली मुले जहाजाने कॅनडाला पाठवीत होते, त्यांचा अनुबोधपट करायला ती त्यांच्याबरोबर निघाली. जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडवले, आणि त्यात मुलांबरोबर रूबीही गेली. जहाजाचे नाव होते 'सिटी ऑफ बनारस'. आपल्या काशीचे नाव असे अटलांटिकच्या तळाशी जाऊन बसले आहे.

युद्धाची गोष्ट निराळी. तिथे मृत्यू सर्वांनाच वाटला जातो. पण कॅमेरा हाती आहे म्हणूनच गोळी यावी, असेही झाले आहे. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाचे १९७३ साल घ्या. लोकांनी निवडून दिलेले साल्वादोर आयेंदे हे अध्यक्ष होते आणि सैन्यात कुजबुज सुरू झाली होती. २९ जून रोजी सान्तियागो शहरात काही रणगाडे रस्त्यावर आले. लेओनार्दो हेन्रिक्सेन नावाचा, स्वीडनच्या दूरचित्रवाणीसाठी काम करणारा अर्जेंटिनाचा कॅमेरामन ते दृश्य टिपीत होता. एक सैनिक त्याच्याकडे वळतो, नेम धरतो, गोळी झाडतो. चित्र हलते, कलते, आणि संपते. आपल्या मृत्यूचे चित्रण त्याने स्वतःच्या हाताने केले.

पात्रिसियो गुझमान हा तरुण दिग्दर्शक तेव्हा चिलीत एक मोठा अनुबोधपट करीत होता. त्याच्याजवळ फिल्म विकत घ्यायला पैसा नव्हता. क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाने त्याला ती पाठवली. ११ सप्टेंबर १९७३ रोजी सैन्याने सत्ता घेतली. गुझमानला पकडून हजारो लोकांबरोबर शहराच्या क्रीडांगणात डांबले. सुदैवाने चित्रित केलेली रिळे सैनिकांच्या हाती लागली नाहीत. तो सुटला आणि देशाबाहेर पडला. रिळे स्वीडनच्या वकिलातीच्या मदतीने जहाजातून बाहेर निघाली. क्यूबात त्यांचे संकलन झाले आणि १९७५ ते १९७९ या काळात 'द बॅटल ऑफ चिली' तीन भागांत पुरा झाला. हेन्रिक्सेनचे ते शेवटचे दृश्य त्यात आहे.

परंतु ही सगळी दृश्ये ज्याने टिपली तो गुझमानचा कॅमेरामन होर्हे म्युल्लर सिल्वा मात्र चिलीतच राहिला. नोव्हेंबर १९७४ मध्ये त्याला गुप्त पोलिसांनी उचलले. त्यानंतर तो कोणालाही दिसला नाही. रिळे वाचली, ती टिपणारा वाचला नाही. आपण घरात बसून अशी चित्रे पाहतो तेव्हा एवढा हिशेब तरी मनात असावा.

आता कोणी म्हणेल, जिथे कॅमेरा होता तिथले हे झाले. पण जिथे कॅमेरा नव्हताच तिथे काय करायचे? गुन्हा करणारा काही कॅमेऱ्याला आमंत्रण देऊन गुन्हा करीत नाही. भाच्याने मला दाखवलेला तो अमेरिकन पट इथे येतो.

त्याआधी माझ्या वर्गातली एक हकिकत सांगते. सातवीच्या वर्गाची काच फुटली. मी चार मुलांना विचारले. चौघांनी चार हकिकती सांगितल्या, आणि चौघेही देवाशप्पथ खरे बोलत होते! शेवटी मी त्यांना एकेक खडू दिला आणि म्हटले, "कोण कुठे उभे होते ते फळ्यावर काढा." चित्रे काढता काढता एकाच्या ध्यानात आले, की तो जिथे उभा होता तिथून खिडकी दिसतच नाही. तो वरमून म्हणाला, "बाई, मग मला बंड्याने सांगितले असेल." खोटे बोलायचा त्याचा हेतू नव्हता. ऐकलेले आणि पाहिलेले त्याच्या मनात एक झाले होते.

एरॉल मॉरिसने 'द थिन ब्लू लाइन' (१९८८) या पटात हेच केले. नोव्हेंबर १९७६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात रात्रीच्या वेळी एका पोलिसावर गोळ्या झाडून त्याला ठार करण्यात आले. रँडल डेल ॲडम्स या बाहेरगावच्या माणसाला १९७७ मध्ये फाशीची शिक्षा झाली. मुख्य साक्ष कोणाची? ज्याच्याजवळ ती चोरीची मोटार आणि ते पिस्तूल होते, त्या सोळा वर्षांच्या डेव्हिड हॅरिसची! १९७९ मध्ये फाशीला अवघे तीन दिवस उरले असताना सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, आणि पुढे ती शिक्षा जन्मठेपेवर आली. मॉरिस टेक्ससला गेला होता तो निराळ्याच विषयासाठी: प्रत्येक आरोपी पुन्हा खून करणार असे न्यायालयात छातीठोक सांगणाऱ्या एका मानसोपचारतज्ज्ञावर पट करायला. तिथे त्याची ॲडम्सशी गाठ पडली आणि त्याला शंका आली. चित्रपट मिळत नव्हते तेव्हा मॉरिसने खाजगी गुप्तहेराची नोकरी केली होती. ते शिक्षण इथे कामी आले.

त्याने त्या रात्रीचा प्रसंग नटांकरवी पुन्हा उभा केला, आणि एकदाच नव्हे, प्रत्येक साक्षीनुसार वेगळा. मोटार थांबते, पोलीस जवळ जातो, गोळ्या सुटतात. दुसऱ्या साक्षीनुसार पुन्हा मोटार थांबते, पुन्हा गोळ्या सुटतात. मात्र या वेळी पोलिसाची सहकारी निराळ्या जागी असते. पाहता पाहता आपल्याला कळते, की इतक्या अंधारात, इतक्या अंतरावरून अमक्याला अमके दिसणे शक्यच नाही. माझ्या वर्गातला फळाच तो!

अनुबोधपटात नट? अनेक जाणत्यांनी नाके मुरडली. ऑस्करच्या नामांकनात त्याला जागा मिळाली नाही. पण मॉरिसने नटांकरवी काय घडले ते दाखवले नव्हते. कोण काय घडले असे म्हणतो, ते दाखवले होते. हा भेद ज्याला कळला त्याला ही नवी रीत कळली. शेवटच्या मुलाखतीच्या दिवशी तर मॉरिसचा कॅमेराच बिघडला. हाती राहिला साधा टेपरेकॉर्डर. म्हणून पटाच्या शेवटी पडद्यावर दिसतो तो फक्त एक टेपरेकॉर्डर, आणि त्यातून हॅरिसचा शांत आवाज येतो: ॲडम्स निर्दोष आहे हे आपल्याला ठाऊक आहे, असे तो सुचवतो. सगळ्या पटात अंगावर काटा आणणारे दृश्य कोणते, असे विचाराल तर मी हेच सांगेन.

मार्च १९८९ मध्ये ॲडम्स सुटला. बारा वर्षे तुरुंगात गेली होती. इथे गोष्ट गोड होऊन संपावी. पण थोड्याच दिवसांत ॲडम्स आणि मॉरिस यांच्यातच कज्जा उभा राहिला. माझ्या आयुष्याच्या हकिकतीवर हक्क कोणाचा, असा ॲडम्सचा प्रश्न होता. न्यायालयाबाहेर तडजोड होऊन तो हक्क त्याला परत मिळाला. ज्याने प्राण वाचवले त्याच्याशीच भांडतो, असे म्हणून तेव्हा मी त्याला मनात दूषण दिले. आज देणार नाही. का, ते सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहिली. आमच्या आळीतल्या एका बाईने ओट्यावर बसून, तांदूळ निवडता निवडता, मला आपली हकिकत सांगितली होती. तीच मी घेतली. नाव बदलले, गाव बदलले, जातही बदलली. पण तिच्या बोलण्यातली एक लकब मात्र तशीच ठेवली, कारण ती मला फार आवडली होती. पुस्तकाचे कौतुक झाले. आणि त्या एका लकबीवरून सगळ्या आळीने तिला ओळखले. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. फक्त आमच्या ओट्यावर येणे तिने सोडले. सांगणाऱ्याला हार मिळतात. ज्याची गोष्ट त्याला त्याच आळीत राहायचे असते.

म्हणून साक्षीदाराला जपण्यासाठी ज्यांनी नव्या रीती शोधल्या, त्यांच्याविषयी मला विशेष आदर वाटतो. इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट ठरवून किमान पाच लाख माणसे मारली गेली. मारेकरी पुढे प्रतिष्ठित झाले आणि मेलेल्यांची मुलेबाळे त्यांच्याच शेजारी गप्प राहू लागली. जोशुआ ओपनहायमर हा दिग्दर्शक त्यांच्याकडे गेला, तेव्हा सैन्याने त्यांना बोलायला बंदी केली. त्यांच्यातल्याच काहींनी सुचवले: आम्हांला बोलता येत नाही, तर मारेकऱ्यांना विचारा, ते बढाई मारून सांगतील. आणि खरेच त्यांनी सांगितले! मेदान शहरातला अन्वर काँगो हा एके काळी सिनेमाच्या तिकिटांचा काळा बाजार करणारा गुंड. त्याला आणि त्याच्या साथीदारांना ओपनहायमरने म्हटले, तुम्ही काय केले ते तुम्हांला हवे तसे उभे करा. त्यांनी ते आपल्या आवडत्या हॉलिवूडपटांसारखे, टोप्या घालून, नाचगाण्यांसकट उभे केले. पण एका प्रसंगात काँगो स्वतः बळीच्या जागी बसतो, गळ्याभोवती तार येते, आणि त्याचा अभिनय तिथेच गळून पडतो. 'द ॲक्ट ऑफ किलिंग' हा तो पट, साल २०१२.

पुढच्या, २०१४ च्या 'द लुक ऑफ सायलेन्स' या पटात आदी नावाचा एक चष्मे बसवणारा माणूस आहे. त्याच्या जन्माआधीच त्याचा भाऊ मारला गेला होता. तो म्हाताऱ्या मारेकऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचे डोळे तपासतो, काचा बदलीत विचारतो, "आता नीट दिसते का?" आणि मग हळूच जुन्या दिवसांविषयी प्रश्न घालतो. पट लोकांपुढे येण्याआधी त्याच्या कुटुंबाला दूरच्या गावी हलवावे लागले. दिग्दर्शक विमानाने घरी जातो. आदीला घरच बदलावे लागते.

चेहरा झाकण्याची रीत तर जुनीच आहे: डोळ्यांवर काळी पट्टी, किंवा सारा चेहरा धूसर. पण त्यात माणूस हरवतो. त्याचे रडू, त्याची भीती आपल्यापर्यंत पोहोचत नाही. रशियातल्या चेचेन्या प्रांतात २०१७ पासून समलिंगी स्त्रीपुरुषांना धरून त्यांचा छळ होऊ लागला. त्यांना गुपचूप सीमेपार नेणाऱ्यांवर डेव्हिड फ्रान्सने 'वेलकम टू चेचेन्या' (२०२०) हा पट केला. न्यूयॉर्कच्या काही माणसांनी आपले चेहरे उसने दिले. ते संगणकाच्या साह्याने पळून निघालेल्यांच्या चेहऱ्यांवर असे बसवले, की हसू, आसू, पापणीची फडफड मूळ माणसाचीच राहावी. कडा मुद्दाम किंचित धूसर ठेवल्या. हा मुखवटा आहे हे प्रेक्षकाला कळावे म्हणून. एका तरुणाने मात्र न्यायासाठी उघडपणे उभे राहायचे ठरवले. तो पत्रकारांसमोर येतो, आणि आपल्या डोळ्यांदेखत उसना चेहरा विरघळून खरा चेहरा प्रकट होतो.

हेच यंत्र लबाडाच्या हाती गेले तर कोणाच्याही तोंडी काहीही घालता येते, हे आज शाळेतली पोरेही जाणतात. म्हणून नव्या रीतीची पारख मी एकाच कसोटीवर करते. मॉरिसने नट लपवले नाहीत, फ्रान्सने मुखवटा लपवला नाही. कसब आहे हे उघड सांगून जो कसब करतो, त्याची साक्ष ऐकावी.

परदेशाची वर्णने पुष्कळ झाली. आपल्या मुंबईकडे येऊ. आनंद पटवर्धन यांनी १९८५ मध्ये 'हमारा शहर' हा फुटपाथवरच्या आणि झोपड्यांतल्या मुंबईकरांवरचा पट केला. त्यात विलास घोगरे या शाहिराचे गाणे आहे. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झालेली दिसली. लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. ते दुःख सहन न होऊन विलास घोगरे यांनी काही दिवसांतच आपले जीवन संपवले. ज्याचा आवाज आपल्या पटात आहे तोच गेला, तेव्हा पटवर्धनांनी कॅमेरा उचलला आणि चौदा वर्षे तो खाली ठेवला नाही. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता म्हणून गोळ्या झाडल्या, असे पोलिसांचे म्हणणे. टँकर कुठे होता आणि माणसे कुठे पडली, हे तो पट तपासतो. पण त्याच्या तपासाचा कणा आहे तो गाण्यांचा. वस्तीवस्तीतले शाहीर, गाणाऱ्या बाया, तरुण पोरे डफावर आपली साक्ष देतात. २०११ च्या 'जय भीम कॉम्रेड' या पटाची ही रीत कुठून उसनी आणलेली नाही. शाहिरी ही आपल्या महाराष्ट्राची जुनीच साक्ष आहे. त्यात गाणाऱ्या, पुण्याच्या कबीर कला मंचातल्या काही तरुणांवर नक्षलवादी असल्याचा आरोप आला. ते भूमिगत झाले, आणि २०१३ मध्ये त्यांतल्या काहींनी विधानभवनासमोर येऊन स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केले. इथेही मोल गाणाऱ्यांनीच मोजले.

हे सर्व दिवाळीच्या अंकात कशाला, असे एखादी वाचक मैत्रीण विचारील. सणाच्या दिवशी आपण घरातला कानाकोपरा झाडतो, पलंगाखालचेही काढतो. तेव्हा घरात काय काय साचले होते ते कळते. देशाच्या घरात हे काम करणारी माणसे थोडी असतात, आणि त्यांना कोणी ओवाळीत नाही.

परवा भाचा आला होता. आम्ही पुन्हा 'द ॲक्ट ऑफ किलिंग' पाहिला. पट संपला तशी घरातली मंडळी उठली, कोणी दिवा लावला, कोणी चहा टाकायला आत गेले. मी बसून राहिले. शेवटी नावे येतात: कॅमेरा, ध्वनी, वाहन, साहाय्यक. त्या इंडोनेशियन माणसांच्या नावांच्या जागी एकामागून एक एकच शब्द येतो, 'अनामिक'. सहदिग्दर्शकाचेही नाव 'अनामिक'च. नाव छापले तर जीव धोक्यात, म्हणून.

"आत्या, संपला की गं," भाचा म्हणाला.

"थांब," मी म्हटले, "नावे वाचते आहे."